दोनशे अठरा कॅमेरे आणि एक थाप

२०१० च्या उन्हाळ्यात इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम शहरात पोलिसांनी रस्त्यावरच्या खांबांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या. खांबांवर नवे कोरे कॅमेरे होते आणि ते बंद आहेत हे लोकांना डोळ्यांनी दिसावे, म्हणून ही युक्ती. दहशतवाद रोखण्यासाठी आणलेली तीस लाख पौंडांची यंत्रणा एक दिवसही न चालता पिशवीत गेली.

शांतता समितीचे सदस्य आणि नव्याने रुजू झालेले पोलीस यांच्या एकत्र वर्गात मी हे प्रकरण बरीच वर्षे मांडतो आहे. आपल्याकडचे उदाहरण घेतले की पहिल्या दहा मिनिटांत वर्ग दोन बाजूंना सरकून बसतो. परक्या शहराचे घेतले की माणसे निदान शेवटपर्यंत ऐकतात. अधिकारी, नगरसेवक, रहिवासी, आरोपी यांची नावे मी गाळली आहेत. जिने नंतर या प्रकरणाची चौकशी केली, तिचे तेवढे ठेवले आहे.

पार्श्वभूमी

स्पार्कब्रुक आणि वॉशवूड हीथ हे बर्मिंगहॅमचे दोन प्रभाग. वस्ती बहुसंख्य मुस्लीम, त्यातही पाकव्याप्त काश्मीरमधल्या मीरपूर भागातून आलेली कुटुंबे फार. १९६० च्या दशकात झेलमवर मंगला धरण झाले, मीरपूरची गावे पाण्याखाली गेली आणि तिथली बरीच माणसे इंग्लंडच्या कारखान्यांत आली. धरणात गाव जाणे म्हणजे काय, हे कोयनेच्या किंवा उजनीच्या काठच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. त्यांच्या आधी या बाजूला आयरिश मजूर आले होते, पुढे येमेनी आणि सोमाली आले. लेडीपूल रोडवरच्या हॉटेलांत ज्या छोट्या कढईत रस्सा शिजतो तीच कढई ताटापुढे येते. त्या प्रकाराला तिथे ‘बाल्टी’ म्हणतात, आणि तो खायला सगळे शहर या भागात येते.

या शहराला दहशतवाद नवा नव्हता. २१ नोव्हेंबर १९७४ च्या रात्री शहराच्या मध्यभागी दोन पबमध्ये बॉम्ब फुटले, २१ माणसे गेली. संशय आयरिश लोकांवर गेला. त्या वर्षानंतर सेंट पॅट्रिक दिनाची मिरवणूक बंद पडली, ती १९९६ मध्ये पुन्हा निघाली. सहा आयरिश माणसांना जन्मठेप झाली आणि सोळा वर्षांनी, १९९१ मध्ये, ती शिक्षा चुकीची होती असे न्यायालयानेच सांगितले. मालेगावच्या २००६ च्या स्फोटात आधी पकडलेल्या मुस्लीम तरुणांना न्यायालयाने २०१६ मध्ये आरोपमुक्त केले, ते आठवावे. अशा खटल्यांत निर्दोष माणसाची वर्षे जातातच. पण त्याच्या गल्लीतली माणसे पुढची कित्येक वर्षे पोलिसांशी कामापुरतेही बोलत नाहीत, हे हिशेबात कोणी धरत नाही.

हे सगळे खरे असले तरी पोलिसांची भीतीही खोटी नव्हती. २००० साली याच शहरात स्फोटके बनवणारा एक तरुण सापडला आणि पुढे त्याला वीस वर्षांची शिक्षा झाली. ७ जुलै २००५ ला लंडनमध्ये रेल्वे आणि बसमधल्या स्फोटांत ५२ प्रवासी मेले. जानेवारी २००७ मध्ये बर्मिंगहॅममध्येच एक कट उघडकीला आला. ब्रिटिश सैन्यातल्या एका मुस्लीम शिपायाला पळवायचे, त्याचा शिरच्छेद करायचा आणि त्याचे चित्रीकरण करायचे, असा तो बेत होता. सूत्रधाराला २००८ मध्ये जन्मठेप झाली. वर्गात मी हा भाग आधी सांगतो, कारण तो वगळला की पुढची चूक मूर्खपणाची वाटू लागते. ती मूर्ख माणसांनी केलेली नव्हती.

अडचण

कट करणारी माणसे थोडी आणि वस्ती मोठी. संशयितावर माणसे लावून पाळत ठेवायची तर पाळ्या, गाड्या, घरे असा पसारा लागतो आणि एका माणसामागे कितीतरी पोलीस अडकतात. आतून माहिती मिळाली तर हा पसारा कमी होतो, पण आतून माहिती देणारा माणूस तयार व्हायला वर्षे लागतात. दहशतवादविरोधी पथकाकडे वर्षे नव्हती, किंवा नाहीत असे त्यांना वाटत होते.

२००७ च्या अखेरीस तिथल्या पथकातून कल्पना निघाली की या भागांभोवती कॅमेऱ्यांचे कडेच घालायचे. आत येणारी आणि बाहेर जाणारी प्रत्येक गाडी नंबरप्लेटवरून टिपायची. आपल्याकडे ई-चलानचे कॅमेरे पाटी वाचतात, तसेच हे. फरक एवढाच की यातली नोंद थेट पोलिसांच्या देशव्यापी साठ्यात जाऊन पडणार होती. दुधाची पिशवी आणायला गेलेल्या माणसाचीही.

समोर असलेले पर्याय

खरे सांगायचे तर पर्याय फारसे तोललेच गेले नाहीत, आणि चौकशीत हीच गोष्ट पुढे आली. तरी टेबलावर काय काय होते ते पाहू.

सर्वांत सरळ वाट होती ती ठरावीक संशयितांवर, रीतसर परवानगी घेऊन पाळत ठेवण्याची. इंग्लंडमध्ये छुप्या पाळतीसाठी २००० सालचा स्वतंत्र कायदा आहे. कोणावर, कशासाठी, किती दिवस, हे लिहून द्यावे लागते. काम किचकट, पण हिशेब ठेवणारे.

दुसरी वाट उघडपणाची. लोकांसमोर जायचे, गेल्या काही वर्षांतले खटले सांगायचे, कॅमेरे कुठे आणि का हवेत ते नकाशासह मांडायचे. यात नकार मिळण्याची शक्यता मोठी.

तिसरी वाट शेजारच्या पोलिसाची. गल्लीत रोज दिसणारा, घराघरात नावाने ओळखला जाणारा पोलीस आणि त्याच्यामागे शाळा, मशीद, दवाखाना. सरकारचा ‘प्रिव्हेंट’ नावाचा कार्यक्रम याच हेतूने सुरू झाला होता. पण पैसे मुस्लीम लोकसंख्या बघून वाटल्यामुळे आणि त्यातून आपली माहिती काढली जाते असा संशय पसरल्यामुळे लोक त्यापासून अंग चोरत होते.

या तिसऱ्या वाटेचे नाव काढले की मला भिवंडी आठवते. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी होरपळलेले यंत्रमागांचे गाव. १९८८ पासून तिथले पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांची साधी माणसे एकत्र बसायची, आणि समिती चालवायला त्या भागातलाच पोलीस असायचा. डिसेंबर १९९२ मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. दंगल आणि दहशतवाद या एक गोष्टी नाहीत, हे मान्य. दंगल चौकात होते, कट बंद खोलीत शिजतो. पण त्या खोलीलाही एक आई असते, घरमालक असतो, खालचा दुकानदार असतो.

चौथी वाट कड्याची. तीच निवडली.

निर्णयाचा क्षण

पोलीसप्रमुखांच्या राष्ट्रीय संघटनेमार्फत दहशतवादविरोधी कामासाठी निधी मिळत असे, त्यातून साधारण तीस लाख पौंड आले. हा निधी दुसऱ्या कामाला लागत नाही. म्हणजे अर्जात हेतू स्वच्छ लिहिलेला होता: दहशतवाद. आता हेच रस्त्यावर सांगायचे की नाही?

मी या प्रकरणातला खरा वळणबिंदू इथे मानतो. कॅमेरे बसवण्याचा निर्णय वादग्रस्त होता, पण तो दुरुस्त करता आला असता. रस्त्यावर मात्र वेगळीच गोष्ट सांगायचे ठरले. महापालिका आणि पोलीस यांच्या संयुक्त सुरक्षा यंत्रणेला पुढे केले गेले. गाड्यांच्या चोऱ्या, अमली पदार्थ, रस्त्यावरची दांडगाई यांना आळा घालण्यासाठी कॅमेरे येत आहेत, असे नगरसेवकांना सांगण्यात आले. त्यांतल्या अनेकांना ते पटलेही. चोऱ्या होतच होत्या, आणि आपल्या प्रभागात कॅमेरे येतात म्हटल्यावर कोणता नगरसेवक नको म्हणेल? आपल्याकडे तर स्वतःच्या नावाची पाटी लावून उद्घाटन झाले असते.

कृती

२०१० च्या सुरुवातीला खांब उभे राहू लागले. एकूण २१८ कॅमेरे ठरले होते. त्यांतले बहुतेक नंबरप्लेट वाचणारे, आणि ७२ लपवलेले.

या ७२ वर वर्गात नेहमी प्रश्न येतो आणि तो बरोबर असतो. चोर घाबरावा म्हणून कॅमेरा लावायचा तर तो दिसला पाहिजे. दुकानदार ‘आपण कॅमेऱ्याच्या निगराणीत आहात’ अशी पाटी कॅमेऱ्यापेक्षा मोठी लावतो, ती उगाच नाही. जो लपवला तो चोरांसाठी नव्हता, हे शेंबड्या पोराला कळेल. सांगितलेली गोष्ट आणि केलेली गोष्ट यांचा मेळ या एका आकड्याने मोडला.

उघडकीस येणे

बातमी फुटली ती कोणा मोठ्या माणसाकडून नव्हे. रहिवाशांनी खांब पाहिले, मोजले आणि विचारायला लागले. आमच्याच भागाला एवढे का? शेजारच्या गोऱ्या वस्तीत चोऱ्या होत नाहीत का? मग एकाने तो प्रश्न विचारला जो सुरुवातीला नगरसेवकांनी विचारायला हवा होता: पैसे कोणी दिले?

जून २०१० मध्ये ‘द गार्डियन’ने निधीचा उगम छापला आणि एका आठवड्यात चित्र पालटले. मीरपुरी म्हातारे, सोमाली बायका, गोरे डावे कार्यकर्ते, खासगीपणाच्या हक्कासाठी भांडणारे लोक एका सभागृहात आले. या भागातल्या इतक्या तऱ्हेच्या माणसांना एकत्र आणण्याचे काम प्रिव्हेंटला जमले नव्हते. ‘लिबर्टी’ या नागरी हक्कांच्या संघटनेने न्यायालयात जाण्याची तयारी केली.

पोलिसांनी पिशव्या बांधल्या त्या याच दिवसांत. लोकांचे समाधान झाले नाही. दिसणाऱ्या कॅमेऱ्यावर पिशवी दिसते. लपवलेल्यावर ती कोण बघणार? शिवाय ज्याने एकदा थाप मारली त्याच्या पिशवीवर विश्वास का ठेवायचा? जुलैत जाहीर सभा झाली आणि एका वरिष्ठ अधिकाऱ्याने भर सभेत माफी मागितली.

परिणाम

पोलीसप्रमुखांनी एक चांगली गोष्ट केली. चौकशी आपल्याच माणसांकडे न देता त्यांनी ती थेम्स व्हॅली पोलिसांच्या प्रमुख सारा थॉर्नटन यांच्याकडे सोपवली. सप्टेंबर २०१० च्या अखेरीस त्यांचा अहवाल आला. पोलिसाने पोलिसाविषयी लिहिलेला असूनही तो झणझणीत होता. कायद्याची चौकट पाळली जाते का याचा विचार झाल्याचा पुरावा फारसा नाही, असे त्यात म्हटले होते. ही पाळत धोक्याच्या प्रमाणात आहे का, ती वैध आहे का, तिला अधिकार कोणाचा, तिची गरज आहे का, हे प्रश्न अगदी आरंभी विचारायला हवे होते; ते विचारले गेले नाहीत. पोलीसप्रमुखांनी पुन्हा माफी मागितली आणि ऑक्टोबरात सगळे कॅमेरे उतरवण्याचा निर्णय जाहीर केला.

मे २०११ मध्ये खांब निघू लागले. ते काढण्याचा खर्च साधारण सहा लाख तीस हजार पौंड सांगितला गेला. एवढ्या पैशात किती बीट हवालदार त्या गल्ल्यांत किती वर्षे फिरले असते, हे गणित मी वर्गाला करायला देतो. उत्तर महत्त्वाचे नाही, पण आकडेमोड करताना माणसे गप्प होतात.

वेगळे काय करता आले असते

एकदा वर्गात एक तरुण हवालदार म्हणाला, “सर, खरं सांगितलं असतं तर लोकांनी बसवूच दिले नसते.” पुढच्या रांगेतल्या, शांतता समितीवर अनेक वर्षे असलेल्या एक आपा मागे वळून म्हणाल्या, “मग नसते बसवायचे, बेटा.” वर्ग हसला. पण माझ्या मते या प्रकरणाचा निम्मा गाभा त्या दोन वाक्यांत आला. जे खरे सांगून मिळत नाही ते खोटे सांगून घ्यायचे, हा मार्ग पोलिसांनी धरला तर त्यांच्या प्रत्येक पुढच्या वाक्याला लोक पिशवी बांधतात.

माझे मत विचाराल तर, नकार मिळाला असता तरी तो उपयोगाचा होता. नकार देताना माणसे बोलतात. कुठे भीती आहे, कोणत्या पोरांबद्दल काळजी आहे, कोणता पोलीस चालतो आणि कोणता चालत नाही, हे त्या बोलण्यातून कळते. पोलिसांना हवी असलेली आतली माहिती याच वाटेने येऊ शकली असती.

नगरसेवकांची बाजू मी कमी दोषाची मानत नाही. त्यांची फसवणूक झाली हे खरे, पण एवढ्या रकमेचे काम आपल्या प्रभागात होते आणि निधीचे शीर्षक कोणते, हे पाहायला कागद मागवता येत होता. आपल्याकडे साधे गटार मंजूर होताना कोणत्या हेडमधून, हा प्रश्न पहिला येतो.

कायद्याचा सल्ला मधेच किंवा शेवटी घेण्याची सवयही यात नडली. आणि ज्या प्राधिकरणाने पोलिसांवर देखरेख ठेवायची त्याने उलटतपासणी न करता मान डोलावली. इथे मात्र मला तिथल्या अधिकाऱ्यांबद्दल थोडी सहानुभूती वाटते. स्फोट झाला असता तर ‘निधी होता, तरी कॅमेरे का लावले नाहीत’ असे विचारणारे हेच लोक असते. ती धास्ती उरावर असताना माणूस नाही म्हणायला कचरतो.

त्याच आपा जेवणाच्या सुट्टीत माझ्याकडे आल्या होत्या. डबा उघडता उघडता म्हणाल्या, “समजा माझा नातू रात्री दोन-दोनला कोणाशी तरी फोनवर बोलतो, दाढी वाढवतो, टीव्ही बंद करा म्हणतो. आता यातलं काय गुन्हा आहे? काहीच नाही. पण माझ्या पोटात गोळा येतो. मी चौकीत सांगितलं, तर तो घरी परत येईल का, एवढं मला कोण सांगेल?” बैठकीच्या रजिस्टरवर त्यांची सही दर सणाला असते, चहा-बिस्किटेही असतात. हा प्रश्न मात्र त्यांनी बैठकीत कधी विचारला नव्हता.

कल्याणचे चार तरुण २०१४ साली यात्रेच्या नावाखाली इराकला निघून गेले, तेव्हा ते नाहीसे झाल्याची खबर घरच्यांनीच पोलिसांना दिली होती. ते दार तेव्हा उघडे होते. बर्मिंगहॅममध्ये तशा उघड्या दाराची गरज कॅमेऱ्यांच्या प्रकरणानंतर पुढच्याच वर्षी, २०११ मध्ये पडली होती.

त्यानंतर

कॅमेरे उतरत होते त्याच २०११ च्या ऑगस्टमध्ये स्पार्कब्रुकला लागून असलेल्या स्पार्कहिलमधून चार तरुण पाकिस्तानात प्रशिक्षणाला गेले. एकाच्या घरी सुगावा लागला, घरच्यांनी आकांत मांडला आणि चौघेही काही दिवसांत परत आले. त्यांना पाठवणारी टोळी आत्मघाती स्फोटांची तयारी करत होती. पैसे जमवायला ही माणसे एका मोठ्या मुस्लीम धर्मादाय संस्थेच्या नावाने, हातात डबे घेऊन रस्त्यावर उभी राहत. लोकांनी जकात-सदका म्हणून दिलेले ते पैसे यांनी परकीय चलनाच्या सट्ट्यात घालवले. सप्टेंबरमध्ये टोळी पकडली गेली आणि २०१३ मध्ये मुख्य तिघे दोषी ठरले. पुरावा कॅमेऱ्यांच्या कड्यातून आलेला नव्हता. ठरावीक संशयितांच्या गाडीत आणि खोलीत लावलेल्या ध्वनियंत्रांतून तो आला. म्हणजे मघाची पहिली वाट.

इथे थांबलो तर वर्ग खूश होऊन घरी जातो, म्हणून मी थांबत नाही. घरच्यांनी परत आणलेल्या त्या चौघांनाही पुढे प्रवासाच्या गुन्ह्यात शिक्षा झाली, ती भोगून ते बाहेर आले. त्यांतले दोघे २०१६ मध्ये पुन्हा पकडले गेले, पाइप बॉम्ब आणि मांस कापायच्या सुऱ्यासह. २०१७ मध्ये त्यांना जन्मठेप झाली. हा भाग सांगितल्यावर आपांनी पदर सावरला आणि विचारले, “ते तुरुंगातून सुटून आले, तेव्हा त्यांच्याशी बोलायला घरी कोण गेलं होतं?”